आपल्या नावाचे पान

वसमतच्या मोंढ्यातील एका आडत दुकानात मी सत्तेचाळीस वर्षे मुनिमी केली. १९७० च्या दिवाळीनंतर, वयाच्या अठराव्या वर्षी, ज्या गादीवर बसलो तिच्यावरून २०१७ च्या दिवाळीला उठलो. आणि एवढ्या अवधीत शेकडो शेतकऱ्यांची, व्यापाऱ्यांची आणि हमालांची खाती माझ्या हाताने उघडली गेली व माझ्याच हाताने चुकती झाली. त्या खातेदारांपैकी कोणाचे नाव लिहावयाचे राहून गेले, असे कधी झाले नाही. राहिले ते माझेच. दरमहा पगार उचलला म्हणजे मी ती रक्कम 'मुनीम पगार खाते' या मथळ्याखाली नावे टाकीत असे. मुनीम कोण, हे लिहिण्याची आवश्यकता ना मालकास वाटली, ना मला. या एका उणिवेची किंमत मला उतारवयात मोजावी लागली, आणि जे तरुण आज दुकानांत, गोदामांत, वाहनांवर वा कार्यालयांत तोंडी शब्दावर राबत आहेत त्यांना ती मोजावी लागू नये, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

माझे वडील याच मोंढ्यात हमाली करीत. निजामी अमदानीतील हाली सिक्क्यावर त्यांची अर्धी हयात गेली. पोलिस ॲक्शननंतर हिंदुस्थानचा रुपया आला, आणि सात हाली रुपयांस सहा हिंदी रुपये असा बदलीचा भाव ठरला. वडिलांजवळ हाली नोटांत सत्तर रुपयांची पुंजी होती; ती त्यांनी धान्याच्या कणगीत पुरचुंडी बांधून ठेवली होती. सात रुपये देऊन सहा घ्यावयाचे हा त्यांना तोटा वाटला, आणि आज बदलू, उद्या बदलू, कदाचित जुना सिक्काच पुन्हा चालेल, या आशेवर त्यांनी इतका काळ घालविला, की अखेरीस त्या नोटा कोणीही घेईना. दहा रुपयांचा तोटा टाळण्याच्या पायी त्यांचे साठ रुपये गेले. लहानपणी मी त्या नोटांशी खेळलो आहे.

दुकानात मला ज्यांनी हिशेब शिकविला ते वृद्ध मुनीमजी मोडी लिहीत. पावकी, निमकी, अडीचकी त्यांना मुखोद्गत असे, आणि पोत्याचे वजन पुकारले जाताच रक्कम त्यांच्या ओठांवर येत असे. चुकलेला आकडा खोडावयाचा नाही, त्याची उलट नोंद करावयाची, हा त्यांचा पहिला दंडक होता. आणि जे लिहिले नाही ते घडले नाही, असे ते नेहमी बजावीत. दुकानाच्या व्यवहारापुरते मी ते वचन अक्षरशः पाळले. स्वतःच्या आयुष्यास ते लागू करावे, एवढे मात्र मला सुचले नाही.

दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, एकाच वेळी दोन आघात झाले. दुष्काळाने मोंढा ओस पाडला. बागायतदारांची मुले रस्त्याच्या कामावर खडी फोडू लागली आणि घरोघर अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी भाजल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षीच्या हंगामापासून राज्य सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. शेतकऱ्यास मध्यस्थांच्या हातून सोडविण्याचा तो हेतू होता आणि त्याविषयी माझी तक्रार नाही; परंतु आमच्या दुकानाची निम्मी आडत कापसावर होती, ती एका हंगामात बंद झाली. मालकांनी दोघा नोकरांस निरोप दिला आणि मला साठ रुपयांवरून पन्नासावर आणले. हुकूम मुंबईत निघतो आणि पगार वसमतेत कमी होतो, हे मी तेव्हा प्रथम अनुभवले.

पुढे येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचे पाणी कालव्यांनी शिवारात खेळू लागले, ऊस आला, आणि कालांतराने हळदीने या तालुक्याचे रूपच पालटले. फाल्गुन-चैत्रात काढणी झालेली हळद शिजवून, वाळवून, ढोलात घोळून मोंढ्यात येऊ लागली म्हणजे वहीची पानेसुद्धा पिवळी होत. हळकुंड दोन्ही हातांच्या बोटांत धरून मोडावे. कट्ट असा धातूसारखा नाद उमटला आणि आतून गडद केशरी रंग दिसला, की माल पक्का वाळला आहे असे समजावे. हे ज्ञान मला पुस्तकातून नव्हे, तर रोजच्या सहवासातून मिळाले होते, आणि याच ज्ञानाच्या अभिमानाने पुढे माझा घात केला.

तत्पूर्वीचा एक प्रसंग सांगणे अवश्य आहे. १९९८ साली, मुलीच्या लग्नाकरिता म्हणून साठविलेले चाळीस हजार रुपये मी राष्ट्रीयीकृत बँकेतून काढून एका पतसंस्थेत ठेवले, कारण तेथे शेकडा चार रुपये व्याज अधिक मिळत होते आणि संचालकांशी रोजचा रामराम होता. मुदत संपली त्या दिवशी पावती घेऊन गेलो, तो दारास कुलूप. पुढे सहा वर्षे अर्जविनंत्या करून हप्त्याहप्त्याने अकरा हजार हाती आले. बँकेतील ठेवीस विम्याचे संरक्षण असते (तेव्हा ते एक लाखापर्यंत होते, २०२० पासून पाच लाखांपर्यंत आहे) आणि पतसंस्थेतील ठेवीस तो विमा लागू नाही, हा भेद मला, इतरांचे व्याज पैपर्यंत मोजणाऱ्या माणसाला, पैसे बुडाल्यानंतर कळला.

आता हळदीचा प्रसंग. २०१० साली हळदीने क्विंटलमागे पंधरा हजारांचा पल्ला ओलांडला. ज्यांनी माल राखून ठेवला होता त्यांनी घरे बांधली, आणि त्यांच्या रकमा मीच वहीत मांडल्या. पुढील वर्षी भाव उतरून नऊ हजारांवर आला, तेव्हा ही स्वस्ताईच आहे, पुन्हा चढेल, असे मनाने घेतले. मी पंधरा क्विंटल हळद विकत घेऊन गोदामात ठेवली. एक लाख पस्तीस हजार लागले. पैकी साठ हजार शिलकीतले आणि पंचाहत्तर हजार पत्नीच्या पाटल्या तारण ठेवून उभे केलेले. तिने एकच प्रश्न विचारला होता : "एवढा भाव पाहून पुढच्या साली सगळेच हळद लावणार नाहीत का?" मी तिला गप्प केले. तिने जे ओळखले होते तेच घडले. आमच्याकडे, सांगलीकडे, निजामाबादेस, इरोडला, सर्वत्र हळदीचा पेरा वाढला, बाजारात मालाचा पूर आला, आणि २०१२ च्या हंगामात भाव चार हजारांच्या आसपास येऊन ठेपला. पंधरा क्विंटलांत साठ किलोंची घट आली. चौदा क्विंटल चाळीस किलोंचे सत्तावन्न हजार सहाशे रुपये झाले. ती पट्टी मी स्वतःच्या हाताने लिहिली. पाटल्या सुटल्या नाहीत.

माल पारखता येणे आणि भाव ओळखता येणे या दोन भिन्न विद्या आहेत. ज्याच्यापाशी दोन वर्षे थांबण्याची ऐपत आहे त्याने साठा करावा; ज्याचा पैसा लग्नासाठी, दुखण्यासाठी वा घराच्या छपरासाठी ठेवलेला आहे, त्याने चढलेल्या भावाकडे केवळ पाहावे. कुटुंबाची शिल्लक जिथे गुंतवावयाची तिथे घरातील स्त्रीची संमती घ्यावी. कारण पदरच्या काटकसरीने ती शिल्लक तिनेच उभी केलेली असते.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. दुसऱ्या दिवशी पत्नीने डाळीच्या डब्यातून पाचशेच्या एकोणतीस नोटा काढून माझ्यापुढे ठेवल्या. साडेचौदा हजार रुपये! मला वडिलांची कणगी आठवली. या वेळी मात्र तिच्या नावाचे जनधन खाते होते. मुदतीच्या आत तिने रांगेत उभे राहून ते पैसे भरले आणि पासबुकावर छापून आणले. बापाच्या नोटा मातीमोल झाल्या, सुनेच्या वाचल्या. अंतर एवढेच, की एकीचे नाव कागदावर होते.

पुढच्याच वर्षी, १ जुलै २०१७ पासून, वस्तू व सेवा कर लागू झाला. विवरणपत्रे संगणकावर भरावयाची, बिले संगणकावर काढावयाची. लाल वहीचे काम उरले नाही. मालकांनी टॅली शिकलेला एक मुलगा ठेविला. मुलगा सालस होता. मला 'काका' म्हणून मान देई. दिवाळीच्या पाडव्यास मालकांनी मला शाल-श्रीफळ आणि एका महिन्याचा पगार, आठ हजार रुपये, देऊन निरोप दिला. त्यांचे वर्तन कठोर नव्हते. ते तोंडी शब्दावर चालणाऱ्या जुन्या रिवाजाला धरून होते, आणि त्या रिवाजाला इतकी वर्षे माझीही मूक संमती होती.

काही महिन्यांनी एका वकिलांनी मला १९७२ चा उपदान कायदा, ज्यास सर्वजण ग्रॅच्युइटी म्हणतात, समजावून सांगितला. मागील बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दुकानात दहा पगारी माणसे असली तर तो तेव्हा लागू होत असे, आणि एकदा लागू झाला म्हणजे पुढे माणसे कमी झाली तरी लागूच राहत असे. पाच वर्षे सलग नोकरी झालेल्यास सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळत असे. आमच्या दुकानात एरवी सहासात माणसे, पण हळदीच्या हंगामात बारादेखील असत. मी तिथल्या तिथे हिशेब केला : आठ हजारांस सव्वीसने भागून पंधराने गुणावे आणि त्यास सत्तेचाळीसने गुणावे, दोन लाख सोळा हजार नऊशे तेवीस रुपये होतात. वकिलांनी पुरावा मागितला. नियुक्तिपत्र नाही, हजेरीपट नाही, पगार रोखीचा, आणि वहीत 'मुनीम पगार खाते'. हंगामी माणसांच्या नोंदी तर 'मजुरी' या एका शब्दात मीच मिटविल्या होत्या. मी दावा केला नाही.

आणखी एक सल मनात आहे. १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांचा कायदा झाला. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत त्याच्याही आधीपासून काम करीत होती. जेथे हमालांनी संघटित होऊन मंडळात नोंदणी केली तेथे पाठीवर पोते वाहणाऱ्यास भविष्यनिर्वाह निधी मिळाला. हमालाचा मुलगा असूनही, गादीवर बसतो म्हणून मी स्वतःस त्यांच्याहून निराळा समजत आलो. ज्यांची मजुरी मी लिहिली, त्यांच्यापाशी बसून कधी विचारविनिमय केला नाही. पांढऱ्या कपड्याच्या या अभिमानाने आम्हा मुनिमांचे जेवढे नुकसान केले, तेवढे कोणत्याही मालकाने केले नसेल.

तरुण मित्रांनो, काळ पुनःपुन्हा बदलणार. माझ्या एका हयातीत कापूस गेला, हळद आली, वही गेली, संगणक आला. आणि ज्या वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिचा भावही चढेल आणि उतरेल. हे थोपविणे तुमच्या-माझ्या हाती नाही. आपला श्रम नोंदलेला असावा, एवढे मात्र हाती आहे. पगार बँकेत जमा करून घ्या. जेथे वीस वा अधिक माणसे काम करतात तेथे भविष्यनिर्वाह निधी लागू असतो; तो कापला जातो की नाही, आणि कापलेला भरला जातो की नाही, हे दोन्ही पाहा. नोकरी बदलताना तो निधी काढून खाऊ नका, नव्या ठिकाणी वर्ग करा. कारण दहा वर्षांची सेवा भरली तरच अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्तिवेतन सुरू होते. दुकान लहान असेल तर स्वतःची तजवीज स्वतः करा : अटल पेन्शन योजनेत अठरा ते चाळीस या वयातच प्रवेश मिळतो. ती २०१५ मध्ये आली तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांचा होतो.

आणि नियुक्तिपत्र मागा. २०२० साली संसदेने संमत केलेल्या श्रमसंहितांतही ते देण्याची तरतूद आहे. मालक जवळचा आहे, घरच्यासारखा आहे, म्हणून संकोच करू नका. जो खरोखर घरच्यासारखा असेल त्याला चार ओळी लिहून देण्यात कमीपणा वाटणार नाही. विनयाने मागा, पण नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मागा. सत्तेचाळिसाव्या वर्षी मागून काही मिळत नाही.