जुना माल, नवा दर आणि आयटीसी

प्रश्न : कराडला माझे वह्या-पेन्सिली, शाम्पू-तेलाचे दुकान आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर उतरले. जुन्या दराने घेतलेला माल तेव्हा दुकानात पडून होता. शाम्पूच्या खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट (आयटीसी) राहिले, वह्यांचे मात्र परत करा म्हणतात. खरेदी आधीची असताना नवा नियम तिला कसा लागतो?

उत्तर : माल जुना असला तरी विक्रीला विक्रीच्या दिवशीचाच दर लागतो. खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट मात्र खरेदीच्या वेळच्या दराने मिळते. शाम्पू शंभर अधिक अठरा रुपयांना घेतला आणि पाच टक्के लावून विकला, तरी अठराचे क्रेडिट तुमचेच. उरलेली रक्कम इतर मालाच्या करात वळती होते. रोख परतावा मात्र मिळत नाही, कारण घेतलेली आणि विकलेली वस्तू एकच आहे.

वह्या-पेन्सिलींवरचा बारा टक्के कर पूर्ण गेला. विक्रीवर कर नाही, तर खरेदीच्या करासाठी क्रेडिटही नाही. म्हणून माफी लागू होण्याच्या आदल्या दिवशीच्या शिल्लक मालाचे क्रेडिट परत करावे लागते. हे सांगणारे कलम १८(४) २०१७ पासूनच जीएसटी कायद्यात आहे. तुमच्या खरेदीच्या वेळीही ते होते. त्यामुळे याला पूर्वलक्षी बदल म्हणता येत नाही. तुमच्या खिशाला चटका बसतो, हे मात्र खरे.

सरकार मागच्या तारखेपासून कर बदलूच शकत नाही, हा मोठा गैरसमज आहे. घटनेच्या कलम २० ची मनाई गुन्हा आणि शिक्षेपुरती आहे. विधिमंडळ कर कायदा मागे नेऊ शकते, पण न्यायालय तो तपासते. तामिळनाडूने २०१० मध्ये व्हॅटचे क्रेडिट कमी करणारी तरतूद थेट २००७ पासून लागू केली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रेडिट ही सवलत आहे असे सांगून तरतूद टिकवली, पण तिचा मागे जाणारा भाग रद्द केला. त्याआधी १९९९ मध्ये आयशर मोटर्स खटल्यात, त्या वेळच्या नियमांनुसार मिळालेले क्रेडिट नंतरच्या नियमाने बुडवता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले होते. मला ही भूमिका न्याय्य वाटते. दुकानदार भाव ठरवताना क्रेडिट धरूनच चालतो.

तुम्ही २१ सप्टेंबरच्या वह्या-पेन्सिलींच्या साठ्याची यादी खरेदीच्या बिलांशी जुळवा आणि क्रेडिट परत करण्याचा आयटीसी-०३ हा फॉर्म भरला आहे का, ते कर सल्लागाराला विचारा. शाम्पू त्या यादीत धरू नका.