अर्ध्या सामन्याची मजुरी

शास्त्रपाठ : १ शमुवेल ३०:९–२५, मत्तय २०:१–१६
पूरक वाचन : निर्गम २१:१८–१९, अनुवाद २४:१४–१५, लूक ३:१२–१४, याकोब ५:४
पाठाचा हेतू : ज्याला काम पुरे करता आले नाही, त्याच्याशी देवाच्या लोकांनी कसे वागावे, हे समजून घेणे.



काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत आमच्या मंडळीच्या तरुण संघाने क्रिकेटचे सामने भरवले. मी खजिनदार होतो. बाहेरून दोन पंच बोलावले आणि प्रत्येकाला दिवसाचे सहाशे रुपये ठरवले. त्यांपैकी एक जण छापखान्यात रोजंदारीवर काम करणारा होता. दिवसाचे तीन सामने होते. दुसऱ्या सामन्याच्या मध्यावर फलंदाजाने सरळ मारलेला चेंडू त्याच्या घोट्यावर बसला. मुलांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेले. राहिलेला वेळ आमच्यातलेच एक शिक्षक उभे राहिले.

संध्याकाळी मी हिशेब केला. तीनपैकी दीड सामना झाला, म्हणून तीनशे रुपये पाकिटात घालून एका मुलाबरोबर पाठवून दिले. वहीत बेरीज बरोबर आली आणि मी निश्चिंत झोपलो.

पुढच्या रविवारी मंडळीतल्या एका आजीबाईंनी मला थांबवून विचारले, "अरे बाळा, तो पंच मैदान सोडून पळाला होता का रे?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या आठवड्यात घरच्या उपासनेत शमुवेलाचे पहिले पुस्तक चालू होते, आणि तिसावा अध्याय समोर आला.

१. बसोर ओहोळाशी राहिलेले दोनशे

दावीद आपल्या माणसांसह सिकलागास परत आला, तेव्हा अमालेक्यांनी नगर जाळून बायकामुलांना धरून नेले होते. सहाशे माणसे पाठलागाला निघाली. बसोर ओहोळापाशी दोनशे जण इतके थकले की त्यांना पलीकडे जाववेना. ते सामानाजवळ राहिले आणि चारशे पुढे गेले. देवाने जय दिला व सर्व काही परत मिळाले.

परत येताना काही दुष्ट माणसांनी हिशेब मांडला. हे आमच्याबरोबर आले नाहीत, तेव्हा यांनी आपापली बायकामुले घ्यावी आणि जावे. लुटीत यांना वाटा नाही. वरवर पाहता या बोलण्यात चूक दिसत नाही. ज्याने जेवढे केले त्याला तेवढे. माझ्या वहीतला हिशेब नेमका हाच होता, हे वाचताना माझ्या मनाला टोचले.

दाविदाने तसे केले नाही. त्याच्या वागण्यातल्या तीन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, वाटणीचा प्रश्न निघण्यापूर्वीच तो त्या दोनशे जणांजवळ गेला आणि त्यांचे क्षेमकुशल विचारले (वचन २१). दुसरी, जे मिळाले ते परमेश्वराने दिले आहे, याची त्याने सोबत्यांना आठवण दिली. तिसरी, लढणारा आणि सामानाजवळ राहणारा यांना सारखाच वाटा, असा त्याने इस्राएलात नियमच करून ठेवला. एकाच्या दयेवर गोष्ट सोडली नाही.

२. काम का सुटले?

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात धनी अकराव्या तासाला उभ्या असलेल्यांना आधी कारण विचारतो. त्यांना कोणी कामावर लावलेच नव्हते. ते आळशी नव्हते. आपणही मजुरी कापण्यापूर्वी कारण विचारले पाहिजे.

मोठ्या मैदानांवरही असे प्रसंग येतात. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत-इंग्लंड कसोटीत क्षेत्ररक्षकाने फेकलेला चेंडू पंच पॉल रायफल यांच्या डोक्याला लागला. त्यांना मैदान सोडावे लागले व तिसरे पंच मराय इरॅस्मस त्यांच्या जागी उभे राहिले. मार्च २०२० मध्ये राजकोट येथे सौराष्ट्र व बंगाल यांच्या रणजी अंतिम सामन्यात पंच सी. शमशुद्दीन यांना पहिल्याच दिवशी ओटीपोटात चेंडू लागला. दुसऱ्या दिवशी सुरुवातीला के. एन. अनंतपद्मनाभन यांना दोन्ही टोकांकडून पंचाचे काम करावे लागले. क्रिकेटच्या नियमांत आजारी किंवा जखमी पंचाच्या जागी दुसरा नेमण्याची तरतूद आहे. मेहनतान्याविषयी मात्र ते नियम काही सांगत नाहीत. ते काम भरवणाऱ्यांच्या विवेकावर सोडलेले आहे.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०२२ मध्ये वरच्या दोन श्रेणींतील पंचांना प्रथम श्रेणीच्या सामन्यासाठी दिवसाला ४०,००० रुपये आणि त्यांखालच्या दोन श्रेणींना ३०,००० रुपये ठरवले होते. आपल्या गावच्या पंचाला काहीशे रुपये मिळतात. पण ज्याच्या घरी त्यावर चूल पेटते, त्याला ते थोडे नाहीत. म्हणूनच नियमशास्त्र सांगते की गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्याकडे लागलेला असतो.

कारणे चार प्रकारची असू शकतात.

(अ) कामावर असताना इजा झाली. अशाला पुरी मजुरी द्यावी. निर्गम २१ मध्ये भांडणात जखमी झालेल्याविषयी सांगताना बुडालेला वेळ आणि उपचार या दोन्हींची भरपाई सांगितली आहे. आमचे तर भांडणही नव्हते. तो आमच्याच कामासाठी उभा होता.

(आ) पावसाने किंवा आपल्या अव्यवस्थेने सामना आखडला. पंच तर वेळेवर हजर होता. त्याने तो दिवस आपल्यासाठी राखून दुसरे काम सोडले. त्याचीही मजुरी कापू नये.

(इ) घरी आजार किंवा मृत्यू झाला म्हणून जावे लागले. निदान केलेल्या कामाचे त्याच दिवशी द्यावे; आणि जमेल तर प्रेमाने अधिक द्यावे.

(ई) स्वतःच्या हलगर्जीने उशिरा आला, किंवा न सांगता निघून गेला. येथे कमी देण्यात अन्याय नाही. जकातदार व शिपाई यांना बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने ठरल्यापेक्षा अधिक न घेण्याचा व आपल्या पगारात तृप्त राहण्याचा बोध केला. पंचाने स्वतः होऊन खरे सांगावे, हाही धर्मच आहे.

आणि जो बदली उभा राहिला त्याचे काय? त्याला जखमी माणसाच्या पाकिटातून देऊ नये, वेगळे द्यावे. आमच्या शिक्षकांनी काहीच घेतले नाही; ती त्यांची सेवा. पण ती त्यांनी दिली, आम्ही गृहीत धरायची नव्हे.

३. कृपा आणि न्याय

द्राक्षमळ्याचा दाखला मुळात मजुरीचा कायदा नाही. तो स्वर्गाच्या राज्याचा, देवाच्या कृपेचा दाखला आहे. तरी एक गोष्ट चुकवू नका. धन्याने पहिल्यांना ठरलेला दीनार पुरता दिला, आणि शेवटल्यांवर आपल्या स्वतःच्या पैशातून औदार्य केले. एकाचे कापून दुसऱ्याला दिले नाही. खजिनदाराच्या हाती मंडळीचा पैसा असतो. म्हणून औदार्य करायचे तर समितीने आधी ठरवावे, लिहून ठेवावे आणि पंचाला पहिल्याच दिवशी सांगावे. दाविदाने नियम केला तो याचसाठी.

मी उरलेले तीनशे रुपये आणि औषधाचा खर्च घेऊन त्या पंचाच्या घरी गेलो. घोटा सुजलेलाच होता. आठ दिवस छापखान्यात उभे राहता आले नव्हते. मी क्षमा मागितली. तो म्हणाला, "पैशांचं राहू द्या, साहेब. तुमच्यातलं कोणी विचारायला आलं नाही, ते जास्त लागलं."

दावीद आधी क्षेमकुशल विचारायला गेला होता. मी आधी वही उघडली होती. बंधुभगिनींनो, आपणही सर्व बसोर ओहोळाशीच थकून बसलेली माणसे आहोत. आपली लढाई दुसऱ्याने लढली, आणि वाटा मात्र त्याने आपल्याला पुरता दिला. मग आपण आपल्या मजुराचा वाटा कोणत्या तोंडाने कापावा?

वर्गासाठी प्रश्न
१. दाविदाच्या सोबत्यांपैकी काहींचा हिशेब कोठे चुकला?
२. वरील चार कारणांपैकी आपल्या मंडळीत कोणते घडले आहे? आपण काय केले?
३. मंडळीचा झाडूवाला, स्वयंपाकी, वाजंत्री यांच्याशी आपला करार स्पष्ट असतो काय?
४. मुलांसाठी : खेळात पडलेल्या गड्याला आपण आधी काय विचारतो?

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या हिशेबाच्या वहीत तुझी दया असू दे. कोणाची मजुरी आमच्याविरुद्ध तुझ्याकडे ओरड करू नये, असे आम्हांला राख. येशूच्या नावाने मागतो. आमेन.