पीक पाहणीची नोंद फोनमधून वाचली न गेल्यास

ई-पीक पाहणीची पद्धत राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. खातेदाराने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे आणि नोंद गाव नमुना १२ पर्यंत पोहोचवावयाची, असे तिचे स्वरूप आहे. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी या डोंगरी तालुक्यांत शिवारात रेंज मिळेलच असे नाही. अशा ठिकाणी नोंद प्रथम फोनच्या साठ्यात राहते व रेंज आल्यावर अपलोड होते. मधल्या काळात तिची एकमेव प्रत आपल्या खिशात असते, हे शेतकरी बंधू-भगिनींनी ध्यानी घ्यावे.

खाचरातून घरी येऊन ॲप उघडावे, तो छायाचित्र दिसत नाही किंवा फाइल वाचता येत नसल्याचा संदेश येतो. अशा वेळी घाई करू नये. कारण बहुधा साधे असते. ॲप काही महिने वापरले नाही तर पुष्कळ फोन त्याला दिलेली परवानगी आपण होऊन काढून घेतात. खरिपानंतर थेट पुढल्या खरिपातच ॲप उघडणाऱ्यांना हा अनुभव येतो. सेटिंगमध्ये जाऊन कॅमेरा, छायाचित्रे व स्थान यांची परवानगी तपासावी. दुसरे कारण म्हणजे भरलेला साठा. तो पिकांच्या नोंदींनी नव्हे, तर सुप्रभाताच्या चित्रांनीच भरलेला आढळतो! ती काढून टाकावीत व फोन बंद करून पुन्हा सुरू करावा.

एवढ्याने न भागल्यास 'कॅशे' साफ करण्यास हरकत नाही. ती तात्पुरती सामग्री असते. मात्र त्याच पानावरील 'डेटा' किंवा 'स्टोरेज' साफ करण्याच्या बटणास हात लावू नये. न पाठविलेल्या नोंदी तेथेच असतात. ॲप काढून पुन्हा घेतल्यासही हाच परिणाम होतो. गेल्या खरिपात एका खातेदाराने शेजाऱ्याच्या सल्ल्यावरून तसे केले. ॲप उत्तम चालू झाले, परंतु चार गटांच्या नोंदी गेल्या. मुदतीचे दोनच दिवस उरले होते व पावसाला खंड नव्हता. बिचाऱ्यास चिखल तुडवीत चारही गट पुन्हा फिरावे लागले.

नोंद खरोखरच गेली असेल तर मुदतीत पुन्हा करावी. मुदत संपली असल्यास गावासाठी नेमलेल्या सहायकास किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्यास तत्काळ भेटावे. शेतातून परतल्यावर त्याच सायंकाळी रेंजमध्ये येऊन अपलोड करणे इष्ट होय. गावच्या पीक पाहणीच्या यादीत आपले नाव दिसेपर्यंत ॲप फोनमधून काढू नये.