टॅगवरचा ‘काही वाटा’

ऑक्टोबर लागला की दुकानांतून गुलाबी रंगाला ऊत येतो. स्तनाच्या कर्करोगाविषयी जागृतीचा हा महिना, त्यामुळे स्कार्फ गुलाबी, पर्स गुलाबी, केसांच्या क्लिपासुद्धा गुलाबी. भाचीच्या वाढदिवसासाठी एका मॉलमध्ये अशीच एक पर्स मी हातात घेतली. किंमत १,२९० रुपये. टॅगवर या जागृतीची खूण असलेल्या गुलाबी फितीचं चित्र आणि खाली बारीक अक्षरांत ‘विक्रीतील काही वाटा कर्करुग्णांसाठी’. शेजारी तीच पर्स करड्या रंगात, फितीशिवाय, ९९० रुपयांना.

काउंटरवरच्या मुलीला विचारलं, “काही वाटा म्हणजे किती? आणि जातो कुठे?” तिने टॅग उलटून पाहिला, मागे फक्त बारकोड. “मॅडम, वरून असंच आलंय.” तिचा काय दोष! मी कंपनीला ईमेल केला. आठवण करून दिल्यावर उत्तर आलं: निव्वळ नफ्याच्या दोन टक्के, संस्था अजून ठरायची आहे.

आता हिशेब करा. एका पर्समागे निव्वळ नफा २०० रुपये धरला, तर रुग्णांच्या वाट्याला येतात चार रुपये. माझ्याकडून जादा घेणार होते तीनशे. म्हणूनच टक्के दिसले की पहिला प्रश्न ‘कशाचे टक्के?’ हाच हवा. छापील किमतीचे असतील तर निदान आपल्याला मोजता येतात. नफ्याचे असतील तर नफा किती हे विकणाराच ठरवणार. सर्वांत बरं म्हणजे ‘प्रत्येक नगामागे इतके रुपये’ असं रोखठोक लिहिलेलं. संस्थेचं नाव असेल तर त्या संस्थेला एक फोन करावा. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक खरी संस्था न कचरता सांगते, आणि अमुक कंपनीकडून आपल्याला पैसे येतात की नाही हेही. नाव परस्पर वापरलं गेलं असेल तर त्यांनाही ते तेव्हाच कळतं.

टॅगवरच्या या गुलाबी फितीची मूळ कथा तर फार बोलकी आहे. कॅलिफोर्नियातल्या शार्लट हेली या बाईंच्या आजीला, बहिणीला आणि मुलीला स्तनाचा कर्करोग झाला होता. १९९०च्या सुमाराला त्या घरी बसून पीच रंगाच्या फिती बनवत आणि पाच-पाच फितींबरोबर एक कार्ड देत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या अर्थसंकल्पातला जेमतेम पाच टक्के भाग प्रतिबंधावर खर्च होतो, असं त्यावर लिहिलेलं असे. १९९२मध्ये ‘सेल्फ’ मासिक आणि एस्टी लॉडर ही प्रसाधनांची कंपनी यांना ती फीत हवी होती. बाईंनी साफ नकार दिला. त्यांना तिचा धंदा होऊ द्यायचा नव्हता. वकिलांनी तोड काढली, रंग बदला. फीत गुलाबी झाली, आणि आकडा लिहिलेलं ते कार्ड मागेच राहिलं.

सगळंच खोटं असतं असं मात्र नाही. वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठमुक्त आणि अपंग माणसं हातमागावर कापड विणतात. तिथली वस्तू घेतली की पैसा आधी काम करणाऱ्या हाताशी पोहोचतो, ‘वाट्या’चं कोडं उरतच नाही. बचत गटाच्या स्टॉलवरही मी दानाचं विचारत नाही, शिवणारीला एका पिशवीमागे काय मिळतं ते विचारते. उत्तर चटकन आलं तर घासाघीस करत नाही. (एरवी करते, आणि बऱ्यापैकी करते.)

एक व्यवहाराची गोष्ट. असल्या खरेदीचं बिल आयकरात देणगी म्हणून चालत नाही. ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी करसवलत मान्यताप्राप्त संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर, तीही जुनी करपद्धती निवडली असेल तरच. दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, म्हणून चेक किंवा यूपीआय बरा.

भाचीला मी करडी पर्स दिली. वाचलेल्या तीनशेत थोडी भर घालून कर्करुग्णालयाला तिच्याच नावाने देणगी पाठवली. पावती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली होती. तिने ती वाचली आणि विचारलं, “मावशी, हे दरवर्षी देता येतं का?”