बुजलेल्या विहिरी
शास्त्रपाठ : उत्पत्ती २६:१५-२२

पलिष्ट्यांनी बुजवलेल्या आपल्या बापाच्या विहिरी इसहाकाने पुन्हा खणल्या. चेन्नईचा अनुभव हाच धडा देतो. २००३ साली तामिळनाडूने इमारतींना पर्जन्यजल-संचय सक्तीचा केला. भूजल वर आले. पुढे देखभालीअभावी अनेक शोषखड्डे गाळाने बुजले. २०१८ साली पाऊस हुकला, २०१९ साली चारही प्रमुख जलाशय आटले. जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

तेथील मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, महाराष्ट्रात जूनपासून. आपल्या पावसापूर्वी गच्ची झाडा, पन्हळी स्वच्छ करा, शोषखड्ड्यातील गाळ उपसा. पहिल्या सरीचे पाणी वाहू द्या. आरंभ उपासनामंदिराच्या छपरापासून करा.

पूर्वजांनी खणलेली विहीर प्रत्येक पिढीने उपसावी लागते. विश्वासाचेही तसेच आहे.