कुशल व्यक्ती कोण?

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बेंगळुरू येथे विमानांचा कारखाना उभारला. तेव्हापासून हे शहर विमानविद्येचे मोठे केंद्र बनले आहे. विमानाच्या इंजिनाचा आवाज कमी करणे हा या विद्येतील एक अवघड भाग होय.

इंजिनाच्या मुखाशी आतून एक अस्तर लावलेले असते. वर बारीक छिद्रांचा पत्रा, त्याखाली मधाच्या पोळ्यासारखी पोकळ घरे आणि तळाशी अखंड पत्रा. घराची खोली ध्वनिलहरीच्या लांबीच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतकी असली, की तो ध्वनी बराचसा शोषला जातो. सेकंदाला १,००० कंपनांच्या ध्वनीची लहर हवेत सुमारे ३४ सेंटीमीटर लांब असते. म्हणजे ढोबळ हिशेबाने घर साडेआठ सेंटीमीटर खोल हवे. स्वर खर्जातला असेल, तर घर आणखी खोल.

समजा, एका अभियंत्याने ही घरे खोल केली आणि पेटंट मागितले. १९७० च्या पेटंट कायद्यानुसार शोध नुसता नवा असून भागत नाही. त्या विषयात कुशल असणाऱ्या व्यक्तीला तो सहज सुचण्याजोगा नसावा लागतो. ही व्यक्ती कल्पित असते. तिच्या जागी थोर शास्त्रज्ञ कल्पिला, तर क्वचितच काही शोध ठरेल. नवशिका कल्पिला, तर किरकोळ फेरबदलही शोध ठरेल आणि २० वर्षे इतरांचे हात बांधले जातील.

या व्यक्तीचे माप सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले, ते भांड्यांच्या खटल्यात. मिर्झापूरला लेथवर फिरणारे भांडे निसटून कामगारांना इजा होण्याचा धोका असे. तेथील एका उद्योगाने भांडे दाबून धरणारे साधन बनवले व त्याचे १९५१ पासूनचे पेटंट मिळवले. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी ते रद्द केले, खंडपीठाने तो निर्णय फिरवला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पेटंट अखेर रद्द केले. त्या काळचे सर्वसाधारण ज्ञान असलेल्या सक्षम कारागिरापुढे हीच अडचण ठेवली असती, तर त्याला हा उपाय सुचला असता काय, हा न्यायालयाचा प्रश्न होता. साधन उपयुक्त होते. तरी ती कार्यशाळेतली सुधारणाच ठरली. ज्यांची बोटे वाचली, त्या कामगारांना हा भेद पटणे कठीणच!

याच मापाने खोल घरांचे पेटंट टिकणार नाही. परंतु अभियंत्याने तेल न शोषणारा, उष्णता सोसणारा सच्छिद्र पदार्थ योजला असेल, तर? नाट्यगृहाच्या भिंती बांधणाऱ्याला सच्छिद्र पदार्थ लगेच सुचेल. इंजिन बनवणारा मात्र तो बाजूला ठेवील; कारण तेलाने भिजलेले अस्तर पेट घेऊ शकते. म्हणून कुशल व्यक्ती कोणत्या क्षेत्रातली, हे आधी ठरावे लागते. बेंगळुरूचे अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयात जातात. तेथे अर्ज फेटाळला गेल्यास, २०२१ साली अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून, मद्रास उच्च न्यायालयात अपील करता येते. आणि अधिकाऱ्याने कोणाच्या नजरेने शोध पारखला, यावरच तेथे पुष्कळदा वाद रंगतो.