भाड्याचा आकडा शेवटी बघ

बदलापूरला भाडं कमी आहे, हे मला मान्य आहे. इथे ठाण्यात, श्रीनगरात, तुम्ही वन रूम किचनला जेवढं मोजता तेवढ्यात तिथे हॉल, बेडरूम, गॅलरी मिळेल आणि वर चार पैसे उरतील. पण पोरी, तू मावशीला विचारलंस, तर मावशी सांगते त्या क्रमानं हिशेब मांड. कागद घे आणि भाड्याचा आकडा सगळ्यात खाली लिही. त्याच्या वर तुम्हा दोघांची नोकरी, दोघांचे तास आणि नळाचं पाणी.

आधी तासांचं. आज तू वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर १६ ला कामावर चालत जातेस, जावई बाइकवर दहा मिनिटांत मशीनपाशी. हे सुख रोजचं आहे म्हणून ते तुमच्या हिशेबात धरलेलंच नाही. समज, बदलापुरात भाडं आठ हजारांनी कमी पडलं. आता वजा करत जा. घरापासून स्टेशन शेअर रिक्षा, ठाण्याला उतरून वागळेपर्यंत पुन्हा शेअर रिक्षा. एका वेळचे २० रुपये धर. दोन टोकं, जाऊन-येऊन, महिन्याचे २५ दिवस: माणशी दोन हजार, दोघांचे चार. पाळणाघरात बाळ दोन तास जास्त राहणार, त्याचे दोन हजार समज. मग दोघांचे लोकलचे पास. हातात दीड हजाराच्या आसपास उरले. आणि दिलं काय? ठाणे ते बदलापूर सुमारे ३४ किलोमीटर. गाडीतला वेळ, गाडीची वाट बघणं, रिक्षाची रांग धरून दिवसाचे दोन तास प्रत्येकी वाढले, तर दोघांचे मिळून महिन्याला शंभर तास. म्हणजे तुमचा एक तास तुम्ही १५ रुपयांना विकला. आकडे माझे अंदाजाचे आहेत, तू तुझे खरे घाल. पण भागाकार केल्याशिवाय टेम्पो बोलावू नकोस.

या शंभर तासांत एक गोष्ट दडलेली आहे, ती नीट ऐक. घर लांब गेलं की पहिली नोकरी बाईची सुटते. औषधांच्या कंपनीत आमच्या पॅकिंग खात्यातल्या कितीतरी जणी मी अशा बघितल्या. स्वतःचं घर झालं म्हणून आनंदानं पेढे वाटून डोंबिवलीपुढे राहायला गेल्या. पहिलं वर्ष धावपळीत काढलं. मग मुलाचं आजारपण, सासूचं दुखणं, एखाद दिवशी गाडी चुकणं, खाडा, आणि शेवटी राजीनामा. नवऱ्यानं कोणी सोडायला सांगितलं नव्हतं, दिवसच पुरत नव्हता. स्वस्त घराच्या हिशेबात तो गेलेला पगार कुणीच धरला नव्हता. तू तो धर. तुझा पगार जावयांपेक्षा कमी आहे म्हणून तो आधी सोडायचा, असं मनातही आणू नकोस. तुझ्या नावावर पीएफ साठतो आहे, तो मोडू देऊ नकोस.

आणि गाडीची गर्दी म्हणजे नुसता त्रास नाही. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्रा दरम्यान दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि जीव गेले. त्यात कामावर निघालेली माणसं होती. जावई दारात उभे राहणारे नाहीत हे मला माहीत आहे, पण बदलापूर लोकल कल्याण सोडून पुढे आली की दारात उभं राहायचं की नाही हे माणसाच्या हातात राहत नाही. जायचंच ठरलं तर सुरुवातीला एक आठवडा त्या गाडीनं प्रवास करून बघा, दोघांनी, तुमच्या ड्युटीच्याच वेळेला. रविवारी फ्लॅट बघायला जाऊन गाडी कळत नाही.

आता नोकरीचं. वागळे इस्टेटचं आजचं रूप बघून तुला वाटेल की काम इथून कुठे जातंय. मला तसं वाटत नाही. १ ऑगस्ट १९६२ ला यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना एमआयडीसीची स्थापना झाली, तिचा समारंभ याच वागळे इस्टेटमध्ये झाला. अख्ख्या महाराष्ट्राच्या औद्योगिक वसाहतींची सुरुवात आपल्या दारात झाली, असं तुझे काका अभिमानानं सांगतात. भोंगा झाला की रोड नंबर २२ वर डबे घेतलेल्या माणसांची रांग लागायची. किसननगर, लोकमान्यनगर, इंदिरानगर भरलं ते या कामगारांनी. पाटण, जावळी, जुन्नर, कोकण, सगळीकडून माणसं आली. आणि मग एकेक शेड बंद पडत गेली. कुणी पुण्याकडे हललं, कुणी सिल्वासाला, कुणी जागा विकून मोकळं झालं. आज त्या शेडच्या जागी काचेच्या इमारती आहेत, पासपोर्टचं ऑफिस आहे, कॉल सेंटरच्या गाड्या रात्रभर उभ्या असतात. काम आहे, पण लेथवर उभं राहणाऱ्या माणसाचं काम त्यातलं थोडंच.

त्या पडझडीत तगलं कोण, तेवढं सांगते. ज्यांचं घर एका कंपनीच्या गेटवर अवलंबून नव्हतं ते. काकांची कंपनी बंद झाली तेव्हा आम्ही इथेच राहिलो म्हणून मुलुंड, भांडुप, कळवा, ऐरोली, चारी दिशांना त्यांना काम शोधता आलं. जी मंडळी कंपनीमागून लांब गेली, ती तिथली कंपनी बंद झाल्यावर अडकली, कारण आसपास दुसरं गेट नव्हतं. म्हणून घर घेताना विचार: ही नोकरी उद्या गेली, तर इथून तासाभराच्या आत दुसऱ्या किती ठिकाणी अर्ज टाकता येईल? ठाण्याला या प्रश्नाचं उत्तर फार चांगलं आहे. त्याचेच इथे जास्त पैसे पडतात, आणि मला विचारशील तर ते पैसे वाया जात नाहीत.

याचा अर्थ इथेच चिकटून बसा असा नाही. जावई सीएनसी चालवतात. त्या हाताला नाशिकमध्ये किंमत आहे. सातपूर आणि अंबड, दोन एमआयडीसी शेजारी शेजारी, दोन्हीकडे इंजिनीअरिंगचे कारखाने. पुण्याकडे चाकण आहे, पण तिथे भाडं आणि ट्रॅफिक बघता तुमचा हेतू साध्य होणार नाही. नाशिकचा विचार मला बदलापूरपेक्षा जास्त पटतो, एका अटीवर: नोकरी आधी, घर नंतर. जावयांनी ऑफर लेटर हातात घ्यावं, चार-सहा महिने एकट्यानं रूम पार्टनरबरोबर राहावं, तोवर तू तुझी चौकशी कर. तुझ्यासारखं बिलिंगचं काम तिथे मिळतं का, किती पगारावर, हे कळेपर्यंत इथली खोली सोडायची नाही. जूनमध्ये बाळाची शाळा सुरू होईल तेव्हा एकाच गावात एकत्र असलात की झालं. नाशिकला राहून रोज मुंबईला ये-जा करणारे लोक आहेत, पंचवटी एक्स्प्रेसनं वर्षानुवर्षं करतात. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार, पण लहान मूल असताना ते तुमचं काम नाही.

पाण्याचं आता. कल्याणपुढे कुठेही घर बघायचं तर मे महिन्याच्या शेवटी एकदा जा आणि भर जुलैत एकदा जा. मे महिन्यात इमारतीतल्या बायकांना विचार, टँकर मागवावा लागतो का, मागवला तर त्याची वर्गणी मेंटेनन्समध्ये असते की वेगळी. बिल्डरच्या माणसाला विचारू नकोस. खालच्या वाण्याला विचार, वॉचमनला विचार. जुलैत बघायचं ते उल्हास नदीचं पाणी. बदलापुरात हेंद्रेपाडा, रमेशवाडी या बाजूला पूर येतो हे तिथल्या माणसाला विचारलंस तर तोच सांगेल. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले, ते तुला टीव्हीवर बघितलेलं आठवत असेल. तो पूर गाडीपुरता नव्हता. आजूबाजूच्या घरांतही तेच पाणी होतं. तळमजल्याच्या भिंतीवर रंगाखाली ओल दिसते का बघ, मीटरची पेटी किती उंचीवर लावली आहे ते बघ. पूर बघितलेली इमारत मीटर वर चढवते.

विकत घ्यायचा विचार आला, तर माझा आवाज जरा चढेल, त्याबद्दल रागावू नकोस. डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण माहीत करून घे. महापालिकेच्या बांधकाम परवानगीचे खोटे कागद बनवले, त्याच कागदांवर महारेराचा नोंदणी क्रमांक मिळवला, लोकांनी तो क्रमांक बघून विश्वासानं घरं घेतली, कर्जं काढली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या इमारती पाडायला सांगितलं. तिथली माणसं अडाणी नव्हती, पोरी. ब्रोकर जे विचारायला शिकवतो ते सगळं त्यांनी विचारलं होतं. म्हणून रेरा नंबर हा सुरुवातीचा कागद समज. त्यावर थांबू नकोस. बांधकाम परवानगीची प्रत घे, तिचा क्रमांक आणि तारीख उतरव, आणि महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जाऊन तो क्रमांक त्यांच्या दप्तरी आहे का ते विचार. एक दिवस रजा पडली तरी चालेल. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही, एक रुपयाही नाही. बँक कर्ज देते म्हणजे सगळं ठीक आहे, असं कुणी म्हणालं तर त्या माणसाला दूर ठेव.

घर झालंच तर तुझ्या एकटीच्या नावावर करायचा विचार दोघं मिळून करा. ठाण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे, खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत. ४० लाखांच्या घरावर ४० हजार वाचतात. नवरा-बायकोच्या जोडनावावर ती सवलत नाही. नोंदणी फी वेगळी, ती जास्तीत जास्त ३० हजार. जावई समजूतदार आहेत, ऐकतील. आणि मुरबाड-शहापूरच्या जाहिरातींतल्या स्वस्त प्लॉटच्या नादी लागू नका. महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, कूळकायद्याचं कलम ६३ आहे. कागदावर जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, आहे की नाही, हे तलाठ्याकडे विचारल्याशिवाय साइटवर फिरायला नेणाऱ्या गाडीतसुद्धा बसू नकोस.

जावयांच्या गावाचा, पाटणचा, विषय तू दबकत काढलास. दबकायला नको, तो विचार वाईट नाही, वेळ चुकीची आहे. सात-बाऱ्यावर नाव असणं आणि चूल मांडायला जागा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या उताऱ्यावर आजोबांपासूनची किती नावं आहेत, वाटणी झाली आहे का, घर कुणाच्या वाट्याला, हे सासरे आहेत तोवर त्यांच्या तोंडून ठरवून, कागदावर आणून ठेवा. दरवर्षी जत्रेला जाता तेव्हा थोडं थोडं घर दुरुस्त करा, कौलं बदला, संडास बांधा. पंचवीस वर्षांनी गावी जायचं तर तयारी आजपासून.

आणि निवृत्तीनंतर गावी जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधी बघावी, ती दवाखाना. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, किमान पाच वर्षं विमा असलेला कामगार वयोमानानुसार निवृत्त झाला की वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना उपचार मिळतात. कितीतरी जणांना हे माहीतच नसतं, कार्ड कपाटात पडून राहतं. काकांची शुगर आणि बीपी वागळेच्या ईएसआय हॉस्पिटलच्या जिवावर चालली आहे. आम्ही गावी का गेलो नाही, असं लोक विचारतात. हे मोठं कारण आहे. पीएफबरोबरचं ईपीएसचं पेन्शन आता देशात कुठल्याही बँकेत घेता येतं, ते गावी मिळेल. हृदयाचा डॉक्टर मात्र किती लांब आहे ते आजच मोजायला हवं.

बदलापूरला जाऊन चांगलं झालेले लोक माझ्या ओळखीत आहेत, हेही सांगायला हवं. मुलं कॉलेजात गेलेली, एकाच्या पगारावर नाही तर निवृत्तीच्या पैशावर घेतलेलं घर, कर्ज नाही, रोज स्टेशन गाठायचं नाही. त्यांना मोकळी हवा लाभली, गॅलरीत झाडं लागली, ते सुखात आहेत. नाहीतर घरून काम करणारा एखादा, ज्याला आठवड्यातून एखाद दिवस ऑफिसला जावं लागतं. तुमचं तसं नाही. दोघांची ड्युटी हजेरीची, बाळ तीन वर्षांचं, आजी-आजोबा शेजारी नाहीत. तुमच्यासाठी माझं मत असं: यंदा वागळे सोडू नका. घर लहान आहे, तर सामान कमी करा. तुला जागा वाढवूनच हवी असेल तर लोकमान्यनगर, सावरकरनगरात विचारून बघ, आतल्या गल्लीत भाडं थोडं खाली येतं आणि तुझं ऑफिस रिक्षाच्या एका सीटवर राहतं. पण इमारत जुनी आणि धोकादायक यादीतली नाही ना, हे महापालिकेच्या प्रभाग समितीत विचारूनच.

आणखी एक: तुझ्या आईची किसननगरची खोली विकायचा विषय तुझा भाऊ काढेल. क्लस्टर पुनर्विकासाचं काम तिथे सुरू आहे, पात्रता कागदांवर ठरते. वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या, जुनं रेशनकार्ड एका फायलीत लावून ठेवा आणि सध्या कुणालाही सही देऊ नका.

तुमचा आताच्या खोलीचा लिव्ह अँड लायसन्स करार अकरा महिन्यांचा. संपायच्या दोन महिने आधी मालकाशी बोल, आदल्या आठवड्यात नाही. तो किती वाढवतो ते कळलं की तो आकडा, दोघांच्या पगाराच्या स्लिपा आणि पाळणाघराची पावती घेऊन रविवारी या. काकांकडून वजाबाकी करून घेऊ. जावयांना बरोबर आण, नाशिकचं त्यांच्याशीच बोलायचं आहे.